मास्तरांचे मोजे

४ नोव्हेंबर १९२८

ही वही मास्तरांनी अलिबागेहून आणली. म्हणाले, रंगांचे प्रमाण लिहून ठेव, नाहीतर एकदा जमलेला रंग पुन्हा जमायचा नाही. वर म्हणाले, बाकी काय वाटेल तेही लिही, मी वाचणार नाही. वाचणार नाही म्हणे! शाळेतल्या पन्नास पोरांच्या वह्या तपासूनही ज्यांचे समाधान होत नाही, ते बायकोची वही सोडतील? तरी लिहिते.

सुरुवात अशी झाली. परवा जेवताना मास्तर मान खाली घालून म्हणाले, ‘‘आवडा, मला मोजे विणून देशील?’’ माझा घास हातातच राहिला. लग्नाला दहा वर्षे झाली, या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलेले नाही. आमटीत मीठ कमी पडले तरी मागत नाहीत. आणि मागितले ते मोजे! आमच्या गावात मोजे घालतो कोण? वर्षातून एकदा शाळेच्या तपासणीला येणारे डिपोटी साहेब, आणि तेही तपासणी संपली की काढून खिशात कोंबतात.

पण मला मनातून आनंद झाला. माझे वडील अलिबागेला कचेरीत पट्टेवाले होते, म्हणून मी तीन वर्षे मिशनच्या मुलींच्या शाळेत गेले. तिथल्या बाईंनी चार सुयांवर मोजे विणायला शिकवले होते. ती विद्या इतकी वर्षे माझ्या बोटांत नुसती पडून होती. मास्तरांनी सायकलच्या चार तारा आणल्या, दगडावर घासून सुया करून दिल्या. सूतही आणले, हातकताईचे, पांढरेशुभ्र. मी म्हटले, पांढरेच विणते, छान दिसतील. तर म्हणाले, ‘‘पांढरे नकोत. गडद कर. मळ दिसत नाही.’’

मी पाय मापायला सुतळी घेऊन बसले, तर त्यांनी पाय मागे घेतला. आत जाऊन स्वतःच माप घेतले आणि सुतळीला गाठी मारून आणून दिली. एक गाठ टाचेची, एक चवड्याची. बायकोने मापला असता तर पाय काय झिजणार होता? राग आला. तो लिहून ठेवते.

७ नोव्हेंबर

दुकानातला पुडीचा रंग आणायचा नाही असे मी ठरवले आहे. तो विलायती, आणि पहिल्या पाण्यात निम्मा जातो. झाडपाल्याचाच रंग करायचा. पण कुठला? हळद उन्हात उडते. डाळिंबाच्या सालीचा रंग पिवळा पडतो, मास्तरांना गडद हवा.

उत्तर घरी चालत आले. जनी कोळीण मासळी द्यायला आली, तिचे हात कोपरापर्यंत तपकिरी. काल जाळी रंगवली म्हणाली. मी तिच्याबरोबर तशीच किनाऱ्यावर गेले. तिच्या घरामागे दगडांच्या चुलीवर मोठे तांब्याचे भांडे, त्यात ऐनाच्या झाडाची साल उकळत होती. त्या पाण्यात जाळे बुडवून काढले की ते कुजत नाही आणि रंगही धरते.

जनी हसून हसून बेजार झाली. ‘‘काय गो मास्तरीन बाय, जाल्याचा रंग मास्तरांच्या पायाला? तुजा मास्तर काय पापलेट हाय?’’ पण उरलेले रंगाचे पाणी हंडी भरून दिले. सूत आधी सोड्यात उकळ, मग हिरड्याच्या पाण्यात एक दिवस ठेव, मग माझ्या रंगात, असे तिने सांगितले. पाव शेर सुताला शेरभर साल. दोन तास कढ, रात्रभर तसेच भिजत.

रंग उतरला तो जुन्या सागवानासारखा. फक्त त्याला मासळीचा वास येतो.

१४ नोव्हेंबर

पहिला जोड झाला. उजव्या मोज्याची टाच तीनदा उसवली. टाच वळवणे हीच मोज्यातली खरी मेख आहे, बाकी सगळे गोल गोल फिरणे.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मास्तरांच्या अंगाला तेल-उटणे मी लावते, दरवर्षी. यंदा माझ्या आधी उठून, न्हाऊन, कपडे घालून ओटीवर बसले होते. नलू म्हणाली, बाबांना आता मोठ्या माणसासारखे वाटते. सात वर्षांची पोर, पण बोलते कशी! मी हसले. दिवसभर मात्र कशातच मन लागले नाही.

२४ नोव्हेंबर

शाळा सुरू झाली. मास्तर मोजे घालून जातात. पोरांनी त्यांचे नाव ‘मोजेवाले मास्तर’ ठेवले आहे. शेजारच्या गोदूताई सुपारीची वाडी असलेल्या, त्यांना बोलायला वेळच वेळ. कुंपणावरून म्हणाल्या, ‘‘काय हो, मास्तर आता साहेब झाले. उद्या साहेबी टोपी घालतील, परवा तुम्हाला मेमसाहेब म्हणतील.’’ आणि लगेच आवाज उतरवून, ‘‘आमच्या ह्यांचे पाय वाताने धरतात. एक जोड विणून द्याल?’’ नाकाला मिरच्या झोंबल्या तरी माल हवाच!

दुसरा जोड मंजिष्ठेचा केला. तुरटी घालून लाल, मग एकदा ऐनाच्या पाण्यातून काढला. जांभ्या दगडाचा रंग आला, इतका सुंदर की मी सूत गळ्यात घालून आरशात पाहिले.

संक्रांतीला अलिबागेत बायकांच्या मंडळाचे हस्तकलेचे प्रदर्शन आहे. सहा जोड पाठवायचे मनात आहे. कोणाला सांगितलेले नाही. पण हल्ली जमिनीवर पाय ठरत नाहीत. स्वयंपाक करताना बोटे टाके मोजतात.

२ डिसेंबर

आज मी भांडले.

मास्तर स्वतःचे मोजे स्वतः धुतात. विहिरीवर नाही, घरामागे, तांब्याभर पाण्यात, चोरासारखे. गोदूताईंनी पाहिले. ‘‘मास्तरीणबाई, मोजे विणता पण धुवायला नवऱ्याला लावता?’’ मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी घरामागे गेले आणि त्यांच्या हातातला मोजा ओढून घेतला. जांभ्या रंगाचा होता. उलटा केला तर आत, चवड्याखाली, कडक झालेला काळपट लाल डाग. हाताला लागला.

‘‘हे काय?’’ मी म्हटले.

त्यांनी तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, ‘‘रंग जरा सुटतोय वाटतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.’’

मला रडूच आले. माझा रंग कच्चा! आणि हा माणूस माझी लाज झाकायला स्वतः मोजे धुतो. मी रागावले ते स्वतःवर, पण ओरडले त्यांच्यावर.

९ डिसेंबर

मंजिष्ठेचे सूत तुरटीत दोनदा बुडवले. सूत मिठाच्या पाण्यात ठेवले, उन्हात वाळवले, सात पाण्यांतून काढले. पांढरी ओली चिंधी घेऊन घासघास घासले. चिंधी पांढरीच राहते. मग पायात गेल्यावरच रंग का सुटतो? मास्तरांच्या घामात काही खार असेल का? विचारले तर म्हणतात, ‘‘असेल.’’ भूगोल सोडून या माणसाला कशातच रस नाही.

ते हल्ली ओटीवर झोपतात. घरात उकडते म्हणे, डिसेंबरात! जेवायचे ताट वेगळे करून घेतले आहे, कसलेसे व्रत धरले आहे. नलू मांडीवर बसायला गेली तर म्हणाले, मोठी झालीस आता. ती माझ्याकडे येऊन फुरंगटून बसली. व्रत धरावे, पण पोरीने काय केले?

१४ डिसेंबर

आज आणखी एक जोड वाया गेला.

परसात चुलीवर रंग कढत होता. मास्तर शाळेतून येऊन मोज्यांतच उभे राहिले आणि प्रदर्शनाबद्दल विचारू लागले. मी शेवटी सांगून टाकले होते. किती जोड झाले, कसे नेणार. बोलता बोलता मला जळका वास आला. मला वाटले, सूत जळाले! हंडीत पाहिले, ठीक होते. खाली पाहिले तर चुलीतला निखारा घरंगळून आलेला आणि मास्तर त्यावर टाच ठेवून उभे. मोज्यातून धूर येत होता.

मी किंचाळले. त्यांनी खाली पाहिले, पाय उचलला, आणि चेहरा पांढराफटक पडला. ओय नाही की आई गं नाही. मुकाट आत गेले आणि दार लावून घेतले.

मी बाहेरून बोलत राहिले, ‘‘लक्ष कुठे असतं तुमचं? टाच वळवायला मला दोन दिवस लागतात!’’ मोज्याला रुपयाएवढे भोक पडले आहे. पायाला काही झाले नाही, असे ते आतून म्हणाले.

२३ डिसेंबर

कोनाड्यात एक बाटली सापडली. पिवळट, घट्ट तेल, वास असा की मी नाकाला पदर लावला. कडू कवठीचे तेल आहे, पायाच्या भेगांना पालीच्या वैद्याने दिले, असे मास्तर म्हणाले.

जनी मासळी घेऊन आली तेव्हा बाटली ओटीवरच होती. तिने बूच काढून वास घेतला आणि बूच पुन्हा घट्ट लावले. मी माझे रडगाणे चालू ठेवले, रंग सुटतो, डाग पडतात, प्रदर्शनात लाज जाईल.

ती म्हणाली, ‘‘तुजा रंग पक्का हाय.’’

‘‘अगं, डाग मी डोळ्यांनी पाहिले.’’

‘‘बाय, माजी जाली वर्सभर समुद्रात असतान. खारं पानी, वारा, ऊन. त्यांचा रंग न्हाय उतरत, आनि तुज्या मास्तरांच्या पायात उतरल?’’ मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘तू त्यांचा पाय बघितलास का गो?’’

माझ्या अंगाची आग झाली. माझ्या नवऱ्याच्या पायाची चौकशी करणारी ही कोण? मी म्हटले, मासळी नको आज, जा. ती गेली. जाताना टोपली उचलायलासुद्धा तिला वेळ लागला.

पाय मी खरेच पाहिलेला नाही. भाद्रपदापासून.

२९ डिसेंबर

सहा दिवस एक टाका घातलेला नाही. सुया हातात घेते, ठेवते. ओटीपासून परसापर्यंत किती फेऱ्या घालते, मोजत नाही. नलूला उगाच फटका मारला, मग उगाच गूळ दिला.

जनी म्हणते ते खरे असले तर तो डाग रंगाचा नाही. मग कशाचा, हे लिहायला हात धजत नाही.

एक उपाय सुचला आहे. बिनरंगाच्या सुताचा जोड विणायचा, पांढरा. तो त्यांनी एक दिवस घातला की कळेल. पांढरा पांढराच राहिला, तर दोष माझ्या रंगाचा.

५ जानेवारी १९२९

पांढरा जोड झाला. इतके वाईट मी कधी विणले नव्हते, टाके कुठे घट्ट कुठे सैल.

दोन महिने देवाला विनवत होते, माझा रंग पक्का होऊ दे. आज दिवा लावताना मी म्हटले, देवा, माझा रंग कच्चा असू दे. सगळा कच्चा असू दे. प्रदर्शनात साऱ्या अलिबागेने मला हसू दे. पण रंग कच्चा असू दे.

९ जानेवारी, सकाळी

आज केले. रंगीत मोजे सगळेच्या सगळे पाण्यात भिजत घातले. मास्तर न्हाऊन आले, तर खुंटीवर फक्त पांढरे. म्हणाले, ‘‘हे नकोत.’’ मी म्हटले, दुसरे ओले आहेत. म्हणाले, ‘‘मग तसाच जातो.’’ पण दारापर्यंत गेले आणि परत आले. अनवाणी पाय घेऊन शाळेत जायचे त्यांच्याने होईना. दोघेही एकमेकांकडे न बघता उभे होतो. मग त्यांनी मोजे घेतले, पाठ फिरवून घातले, चपला चढवल्या आणि नलूचा हात न धरता तिला पुढे घालून गेले.

साधा बुधवार आहे. डिपोटी साहेब शुक्रवारी यायचे आहेत. मी दिवस बघूनच निवडला.

९ जानेवारी, संध्याकाळी

साहेब आजच आले.

नलू धापा टाकत एकटी घरी आली, पाटी शाळेतच टाकून. तिने सांगितले तसे लिहिते. साहेबांनी मास्तरांना नकाशावर प्रश्न विचारायला लावले. मास्तर चपला दाराबाहेर काढून, काठी घेऊन नकाशापाशी आणि पोरांपाशी असे जात येत होते. जमीन कालच सारवलेली. नलू पहिल्या ओळीत. तिला दिसले की बाबा जिथे जिथे पाय टेकतात, तिथे तिथे लाल उमटते. ती उभी राहून म्हणाली, ‘‘बाबा, तुमच्या पायातून रक्त येतंय.’’

सगळी पोरे बघू लागली. मास्तरांनी खाली पाहिले. पांढरा मोजा टाचेला लालभडक झालेला. चपलेतला खिळा वर आला होता, तो घरापासून शाळेपर्यंत टाचेत रुतत गेला होता.

साहेबांनी विचारले, ‘‘दुखत नाही तुम्हाला?’’

मास्तर म्हणाले, ‘‘नाही साहेब.’’

‘‘अजिबात?’’

‘‘नाही.’’

मग साहेब खुर्चीवरून उठले आणि लांब दारात जाऊन उभे राहिले, असे नलू म्हणाली. तिला कळेना की पायाला लागले बाबांच्या आणि घाबरले साहेब का. पोरांना सुट्टी दिली. मास्तरांना उद्यापासून शाळेत येऊ नका म्हणून सांगितले. वाईट बोलले नाहीत म्हणे, फक्त लांबून बोलले.

मास्तर आले ते घरात शिरले नाहीत. पायरीवर बसले. मी दारात उभी. त्यांनी सांगितले, श्रावणात पायाला चट्टा दिसला, मग बधिरपणा आला. अलिबागच्या डॉक्टरांना दाखवले. ‘‘महारोग आहे, आवडा.’’ हे त्यांनी पोरांना शुद्धलेखन सांगावे तसे स्पष्ट सांगितले. एप्रिलमध्ये शाळा संपली की बदली झाली असे सांगून निघून जायचे, मला आणि नलूला पालीला त्यांच्या भावाकडे पोचवायचे, असे त्यांनी ठरवले होते. मोजे तोवर पुरायचे होते.

मी म्हटले, ‘‘पांढरे मोजे मी मुद्दाम दिले. तुमची नोकरी मी घालवली.’’

ते म्हणाले, ‘‘पांढरे नसते तर तो खिळा मला संध्याकाळपर्यंत कळला नसता.’’

मग मी रडले. तेही रडले. नलू आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. निखाऱ्यावरून मी त्यांना बोलले होते ते आठवून मला स्वतःला थोबाडीत माराविशी वाटली. मी त्यांच्याजवळ बसायला गेले तर ते सरकले. मी पुन्हा जवळ गेले. पायरी संपेपर्यंत ते सरकले, मग त्यांना जागा उरली नाही.

मी मोजा काढून पाय पाहिला. खिळ्याची जखम ताजी, निखाऱ्याचा फोड पिकलेला, चवड्याखाली एक जुना व्रण. माझा लाल डाग त्याचा होता. मी गरम पाणी आणले. ते म्हणत होते, हात नको लावू, हात नको लावू.

१७ जानेवारी

गावाला कळायला एक दुपार पुरली. विहिरीवर आता मी गेले की बायका घागरी बाजूला घेतात. गोदूताईंनी मी विणून दिलेले यजमानांचे मोजे आमच्या कुंपणावर काठीने आणून टाकले. त्यांचे यजमान दीड महिना ते घालत होते, वातही उतरला होता. मी ते जाळले. टाच छान वळली होती, पण जाळले.

पालीहून दिरांचे पत्र आले. तुम्ही कोणी येऊ नये, पोरीलाही पाठवू नये, पुढे तिचे लग्न व्हायचे आहे. मास्तरांनी पत्र दोनदा वाचले आणि घडी घालून टोपीत ठेवले. सख्खा भाऊ. मला राग आला, आणि त्यांना राग येत नाही याचा आणखी राग आला.

संक्रांत होऊन गेली. प्रदर्शनाची आठवण मला दुसऱ्या दिवशी झाली.

२२ जानेवारी

मी एकटी चालत अलिबागेला गेले. डॉक्टरांना विचारले, मला खरे सांगा. ते म्हणाले, हा बधिर करणारा प्रकार आहे, बरोबर राहून सहसा लागत नाही, पण जखमेला हात लावल्यावर हात धुवा, पोरीचे कपडे-पांघरूण वेगळे ठेवा. मुंबईला कडू कवठीच्याच तेलाच्या सुया टोचतात, आठवड्याला एक, वर्ष-दोन वर्षे. पुष्कळांचा रोग थांबतो. ‘‘पण बाई,’’ ते म्हणाले, ‘‘ही माणसे रोगाने कमी जातात, न कळलेल्या जखमांनी जास्त जातात. रोज दोन वेळा पाय कोणीतरी बघायला हवा. हे एकट्याने होत नाही.’’

परत येताना मी सबंध रस्ता स्वतःशी भांडत आले. नलूला सोडून कसे जायचे? आणि यांना एकटे कसे पाठवायचे?

२७ जानेवारी

मास्तर ऐकत नाहीत. म्हणतात, तू पोरीजवळ राहा, मी जातो, मला दिसते ना, मी बघेन पाय. मी विचारले, टाच कशी बघाल? जगाचा नकाशा शिकवणाऱ्या माणसाला स्वतःची टाच दिसत नाही.

संध्याकाळी जनी आली. मी तिला हाकलले होते, त्याला महिना झाला. ती ओटीवर चढली नाही, पण म्हणजे रोगाला भिऊन नाही, मला भिऊन. मी तिला हाताला धरून वर घेतले.

तिने तेव्हा सांगितले. तिच्या मोठ्या भावाला हेच झाले होते. खाडीच्या कडेला झोपडी बांधून दिली, भाकरी लांबून ठेवायचे. ‘‘त्याच्या पायात कालवाची शिंप घुसली होती. त्याला न्हाय कलालं. आमी कोन बघायला गेलोच न्हाय. आठ रोजात गेला.’’ पदराने तोंड पुसून म्हणाली, ‘‘म्हनून तुला बोलले गो बाय. तुला राग आला.’’

मी तिच्या गळ्यात पडले.

मग तिनेच विचारले, ‘‘पोर माज्याकडं ठेवशील? मासे खाती, पोवाया शिकंल. शाला जवल हाय. पन लोकां बोलतील, मास्तरांची पोर कोल्याच्या घरात.’’

मी नलूकडे पाहिले. ती जनीच्या टोपलीतला खेकडा काडीने डिवचत होती.

लोकांनी बोलायचे ते बोलून झालेले आहे. मी हो म्हटले.

३ फेब्रुवारी, मुंबई

काल निघालो. मांडव्याच्या प्रवासी होडीत जागा नाही असे आधीच कळवण्यात आले होते, रिकामी गेली तरी जागा नव्हती. जनीचा नवरा नामा म्हणाला, माझी होडी आहे, सकाळच्या भरतीला नेतो.

उजाडताच किनाऱ्यावर आलो तर निम्मा गाव उभा. कोणी जवळ येत नव्हते, कोणी जातही नव्हते. गोदूताई होत्या. शाळेची पोरे होती, त्यांना मागून कोणी धरून ठेवले होते. नलू जनीच्या कडेवर चढून बसली होती, इतकी मोठी पोर. तिला मी समजावले होते तरी तिने जनीचा पदर मुठीत घट्ट धरला होता. मास्तरांनी तिला लांबूनच पाढे म्हणत जा म्हणून सांगितले. जनी पुढे आली आणि पोर सरळ त्यांच्या छातीशी दिली. ‘‘घ्या हो एकदा,’’ म्हणाली. त्यांनी घेतली. नलूने त्यांच्या गळ्याला जी मिठी घातली ती सोडवायला आम्हा दोघींना हात लावावे लागले.

होडी गुडघाभर पाण्यात होती. मास्तरांनी चपला हातात घेतल्या आणि एकटेच पुढे निघाले. चार पावलांवर थांबले. मी पदर खोचला, पाण्यात शिरले आणि सगळ्या गावादेखत त्यांचा हात धरला. दहा वर्षांत घराबाहेर मी त्यांच्या दोन पावले मागे चालत आले. मागून कोणीतरी काहीतरी म्हणाले, लाटांच्या आवाजात मला नीट ऐकू आले नाही.

ते खाली पाण्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, ‘‘आवडा, पाणी गार आहे का गं?’’

‘‘खूप गार आहे,’’ मी म्हटले. ‘‘आणि पुढे शिंपले आहेत. डावा पाय इथे ठेवा.’’